कुरसुरा: नाळेपासून पंख्यांपर्यंत 91 मीटर

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर, रस्त्याला लागूनच, वाळूत एक खरी पाणबुडी ठेवलेली आहे. आयएनएस कुरसुरा, क्रमांक एस-20. लांबी 91.3 मीटर, रुंदी साडेसात मीटर. पुढच्या टोकाकडून आत शिरायचं आणि मागच्या टोकाकडून बाहेर पडायचं. वाट एकच आहे, तीही एकेरी. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी गर्दीबरोबर गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत बाहेर याल. डोक्यात तेवढंच राहील की आत फार अडचण होती आणि नळ्याच नळ्या होत्या. ती प्रत्येक नळी कशासाठी आहे हे कळलं, तर याच 91 मीटरना तासभर सहज लागतो.

तेव्हा पहिली गोष्ट वेळेची. सोमवारी संग्रहालय बंद असतं. एरवी ते दुपारनंतर उघडतं आणि रात्रीपर्यंत चालू राहतं. रविवारी सकाळीही काही तास उघडं असतं. वेळा बदलतात, म्हणून जायच्या दिवशी खात्री करून घ्या. मधल्या वारी, दार उघडताच पहिल्या रांगेत जाणं सगळ्यात चांगलं. आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात आणि त्यांच्याशी हिंदीत बोलता येतं. गर्दी असली की ते तेच ते चार ठरलेले मुद्दे भराभर सांगतात, कारण मागचा लोंढा ढकलत असतो. गर्दी कमी असेल आणि तुम्ही नेमका प्रश्न विचारला, तर तोच माणूस एका व्हॉल्व्हपाशी दहा मिनिटं थांबतो. मागची मंडळी पुढे जाऊ द्या, स्वतः कडेला सरका आणि मग विचारा.

पाठीवरची मोठी सॅक आत नेऊ नका. ती प्रत्येक वळणावर अडकते आणि मागच्याच्या तोंडावर आपटते. घोळदार ओढणी किंवा लांब पदर आवरून घ्या, कारण चाकं आणि खिट्ट्या कमरेच्या उंचीवरच आहेत. चप्पल नको, बूट हवेत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना एकाच वेळी डोकं वाकवावं लागतं आणि पाय उचलावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा बंद जागेत घाबरणाऱ्यांनी आधीच विचार करावा, कारण एकदा रांगेत शिरल्यावर उलटं फिरणं फार कठीण.

आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. बहुतेक लोक फोटो काढतात आणि थेट जिन्याकडे वळतात, पण पाणबुडी बुडते कशी याचं अर्धं उत्तर बाहेरच आहे. जे काळं कवच दिसतं, त्याच्या आत दुसरं कवच आहे, जाड पोलादाचं नळकांडं. माणसं राहायची ती या आतल्या नळकांड्यात. समुद्राचा दाब झेलायचा तो त्याने. दोन कवचांच्या मधल्या जागेत पाण्याच्या टाक्या आहेत. पृष्ठभागावर असताना कुरसुराचं वजन सुमारे 1950 टन, पाण्याखाली 2475 टन. फरक 525 टनांचा. हे 525 टन म्हणजे टाक्यांत भरून घेतलेलं समुद्राचं पाणी. टाक्यांच्या माथ्यावरची झाकणं उघडली की आतली हवा वर सुटते आणि खालून पाणी चढतं. वर यायचं असेल तर झाकणं बंद करायची आणि बाटल्यांत दाबून भरलेली हवा टाक्यांत सोडायची, म्हणजे ती पाण्याला खालून बाहेर ढकलते. बाहेरच्या कवचावर लांबट फटींच्या रांगा दिसतात. टाक्यांच्या वरची पोकळी पाण्यात जाताना भरावी आणि वर येताना रिकामी व्हावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो फलकांवर आहेच. सोव्हिएत रशियाने ज्यांना 641 प्रकल्प म्हटलं आणि पाश्चात्त्यांनी फॉक्स्ट्रॉट, त्या वर्गातल्या चार पाणबुड्या भारताने आधी घेतल्या. कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा. खांदेरी हे नाव थळसमोरच्या शिवकालीन जलदुर्गाचं आणि करंज उरणजवळच्या बेटाचं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कुरसुरा 18 डिसेंबर 1969 ला सोव्हिएत संघातल्या रीगा इथे नौदलात दाखल झाली. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, म्हणून या पाणबुड्या आफ्रिकेला वळसा घालून भारतात आल्या. पहिल्या तुकड्यांना प्रशिक्षणासाठी आधी रशियन भाषा शिकावी लागली होती. 1971 च्या युद्धात तिने अरबी समुद्रात गस्त घातली. 27 फेब्रुवारी 2001 ला निवृत्त होईपर्यंत तिची 73,500 सागरी मैलांची मजल झाली होती. ऑगस्ट 2002 पासून ती लोकांसाठी खुली आहे.

आतून तिचे सात कप्पे आहेत आणि मोजणी पुढून मागे. हे क्रमांक मनात ठेवून चाललं की कुठे आहोत हे सुटत नाही.

पहिला कप्पा पाणतीरांचा, म्हणजे टॉर्पेडोंचा. समोर सहा नळ्यांची तोंडं दिसतात, तीन-तीनच्या दोन रांगांत. प्रत्येक नळीचा व्यास 533 मिलिमीटर. मागच्या टोकाला आणखी चार नळ्या आहेत. एकूण 22 पाणतीर घेऊन ही निघायची. एक पाणतीर सुमारे सात मीटर लांब, वजन दोन टनांच्या आसपास. पाणतीर ठेवायच्या चौकटींच्या मधल्या जागेत खलाशांचे बिछाने टांगलेले आहेत. स्फोटकांना खेटून माणसं झोपायची, कारण दुसरी जागाच नव्हती.

या कप्प्यात नळीच्या दाराकडे नीट बघा. नळीला दोन दारं असतात. एक आतलं, पाणतीर भरण्यासाठी. दुसरं बाहेरचं, समुद्रात उघडणारं. दोन्ही कधीच एकदम उघडी असता कामा नयेत, म्हणून त्यांच्यात अडसर असतो, एक उघडं असेल तर दुसरं हलत नाही. 250 मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो असतो. त्या हिशेबाने या एका दारावर सुमारे 55 टनांचा भार पडतो. दाराच्या कडेची दातेरी कडी एवढी दणकट का, ते यावरून कळेल.

आतलं दार उघडण्याआधी नळीत पाणी आहे का हे पाहायची एक बारीक तोटी असते. तोटी फिरवायची. पाणी आलं तर दाराला हात लावायचा नाही. ही गोष्ट साधी वाटते, पण 1 जून 1939 ला लिव्हरपूलच्या उपसागरात ब्रिटिशांची थेटिस ही नवी पाणबुडी चाचणीवर असताना याच तोटीने घात केला. तोटीचं भोक रंगाने बुजलेलं होतं. पाणी आलं नाही, म्हणून नळी रिकामी समजून आतलं दार उघडलं गेलं, आणि बाहेरचं दार उघडंच होतं. 99 माणसं गेली. त्यानंतर ब्रिटिशांनी आतल्या दारांना एक जास्तीची कडी बसवली, म्हणजे पाणी असेल तर दार फक्त किलकिलं व्हावं. पाणबुडीत रंगारी काम करून गेला की तोट्या आणि भोकं तपासायची शिस्त किती महत्त्वाची, ते इथे उभं राहिल्यावर पटतं.

पाणतीर सुटला की दोन टन वजन एका क्षणात पुढून कमी होतं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलली जाते. कमी खोलीवर असाल तर पाणबुडीचं डोकं शत्रूसमोर बाहेर यायचं. म्हणून तेवढ्याच वजनाचं पाणी लगेच वेगळ्या टाकीत घेतात. या वजनाच्या हिशेबाची वही रोज ठेवावी लागते, अगदी किती पीठ संपलं आणि किती डिझेल जळलं इथपर्यंत. पाणबुडी म्हणजे अखंड चालू असलेला तराजू आहे, आणि तो पाण्याखाली कधीच स्वस्थ राहत नाही.

दुसरा कप्पा अधिकाऱ्यांचा. जहाजावर 75 माणसं असत, त्यात आठ अधिकारी आणि 67 खलाशी. कप्तानाची खोली म्हणजे आपल्याकडच्या रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या कूपेपेक्षाही लहान. लोक इथे भराभर पुढे जातात. तुम्ही मात्र पायाखाली बघा, कारण खरी गोष्ट जमिनीखाली आहे.

दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्याच्या जमिनीखाली बॅटऱ्या असत. मोटारीतल्यासारख्याच शिसं-आम्लाच्या, पण माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढ्या. एकूण 448 सेल, 112 च्या चार गटांत. पाण्याखाली डिझेल चालत नाही, त्याला हवा लागते. म्हणून तिथे सगळं या बॅटऱ्यांवर. ताशी दोन सागरी मैल अशा संथ चालीने त्या काही दिवस पुरतात. पूर्ण वेगाने पळालं तर जेमतेम तासभर. पाणबुडीच्या कप्तानाचं सगळं डावपेचाचं गणित या दोन आकड्यांच्या मधे बसतं.

बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीच्या तळघरातून हवा सतत खेचली जाते आणि प्रमाण तासातासाला मोजलं जातं. दुसरा धोका खाऱ्या पाण्याचा. समुद्राचं पाणी आम्लात पडलं की क्लोरिन वायू तयार होतो, आणि बंद नळकांड्यात तो जीवघेणा आहे. एप्रिल 1945 मध्ये यू-1206 ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ अशीच गेली. खोलीवर असताना शौचालयाचे व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडले गेले, पाणी आत घुसलं, खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचलं आणि क्लोरिनमुळे तिला वर यावं लागलं. वर विमानं होती. कुरसुराचं शौचालय वाटेत दिसेल. मुलं तिथे हसतात, आणि हसू द्यावं. पण भांड्याशेजारचे व्हॉल्व्ह मोजा. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे आधी कोणता बंद, मग कोणता उघडा, हवा कधी सोडायची, हा क्रम प्रत्येक नव्या खलाशाला पाठ करावा लागे. चूक झाली की सगळं उलटं अंगावर.

तिसरा कप्पा नियंत्रणाचा, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथेच. पेरिस्कोपच्या नळ्या या कप्प्यातून वर जातात. लोकांना पेरिस्कोपलाच डोळा लावायचा असतो, रांगही तिथेच अडते. ती अडू द्या. तोवर भिंतीकडे वळा.

खोलीमापक एक नाही, अनेक आहेत. एक लहान आकड्यांचा, पेरिस्कोपच्या खोलीवर काही सेंटिमीटरचा फरक दाखवणारा, आणि मोठे खोल पाण्यासाठी. लहान मापक खोल जाताना बंद करावा लागतो, नाहीतर दाबाने फुटतो. आडव्या पंखांचं नियंत्रणही इथूनच. पुढच्या पंखांनी खोली धरायची, मागच्यांनी कल धरायचा. त्या जागेवर बसलेल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नाही. तो फक्त काटे वाचतो आणि पाठीला जाणवणाऱ्या कलावरून अंदाज घेतो.

आता दाबहवेच्या चाकांचा गट पाहा. टाक्या रिकाम्या करणारी हवा इथून सुटते, बाटल्यांत ती दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोच्या आसपास दाबाने भरलेली असते. चाकं जवळजवळ सारखी दिसतात, पण हात फिरवला की फरक कळतो. सोव्हिएत पाणबुड्यांवर संकटकाळच्या व्हॉल्व्हची चाकं स्पर्शाने ओळखता यावीत अशी घडवत, खाचा वेगळ्या, आकार वेगळे. कारण ती लागतात तेव्हा बहुधा दिवे गेलेले असतात. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, योग्य चाक सापडलं पाहिजे. नौसैनिकाची परवानगी घेऊन एकदा डोळे मिटून बोटं फिरवून बघा. सगळ्या पाणबुडीत आम्हाला याहून बोलकी वस्तू सापडली नाही.

स्नॉर्केलबद्दलही इथेच विचारा. पेरिस्कोपच्या खोलीवर राहून हवेची नळी वर काढायची आणि डिझेल चालवून बॅटऱ्या भरायच्या, ही तिची युक्ती. नळीच्या तोंडावर झडप असते. लाट आली की ती मिटते, पाणी आत येत नाही. पण डिझेल तर हवा ओढतच असतं, ते मग आतलीच हवा ओढू लागतं. दाब झपाट्याने उतरतो, कान दुखतात, आणि झडप वेळेत उघडली नाही तर इंजिन बंद करावं लागतं. खवळलेल्या समुद्रात हे दर काही मिनिटांनी होत राहतं.

चौथा कप्पा खलाशांचा, इथेच स्वयंपाकघर. नौदलात त्याला गॅली म्हणतात. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतील एवढी जागा, आणि त्यात 75 जणांचा चार वेळचा स्वयंपाक, कारण पहारे दिवसरात्र चालू. गोडं पाणी पिण्यापुरतं आणि रांधण्यापुरतं. आंघोळ विसरायची. एक खलाशी पहाऱ्यावर उठला की त्याच्याच बिछान्यावर दुसरा आडवा होई.

हवा कशी टिकवत, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात आणि उत्तर बहुधा अर्धवट मिळतं. सोव्हिएत पाणबुड्यांवर पोटॅशियमच्या एका संयुगाच्या पट्ट्या असत. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषत आणि त्याच रासायनिक क्रियेत ऑक्सिजन सोडत. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पण या पट्टीला तेल लागलं तर ती भडकते. ऑगस्ट 2000 मध्ये रशियाची कुर्स्क बुडाली तेव्हा मागच्या कप्प्यात 23 जण वाचले होते. अशाच पट्ट्या तेलकट पाण्यात पडून भडका उडाला आणि उरलेला ऑक्सिजन संपला, असा निष्कर्ष तपासात निघाला. म्हणून पट्ट्या हाताळणाऱ्या खलाशाचे हात कोरडे आणि स्वच्छ हवेत, ही सक्ती असे.

पाचव्या कप्प्यात तीन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी, प्रत्येकी 2000 अश्वशक्तीची. त्यांच्या मधल्या बोळातून अंग चोरून जावं लागतं. आज ती थंड आहेत. चालू असताना इथे बोलणं ऐकू येत नसे, सगळा कारभार हातांच्या खुणांवर. सहाव्यात विजेच्या मोटारी: दोन 1350 अश्वशक्तीच्या, मधली 2700 ची, आणि चोरपावलांनी सरकण्यासाठी एक लहानशी वेगळी. डिझेलवरून मोटारीवर जायचं तर आधी डिझेल आणि पंखा फिरवणाऱ्या दांड्याची जोडणी सोडवायची, हवेचे आणि धुराचे व्हॉल्व्ह बंद करायचे, आणि मगच बुडी. हा क्रम काही सेकंदांत पार पाडावा लागे. हवेचा व्हॉल्व्ह उघडा राहून बुडी मारली गेली तर समुद्र थेट इंजिनात.

सातवा कप्पा पुन्हा पाणतीरांचा, चार नळ्या आणि पुन्हा बिछाने. संकटात बाहेर पडायची एक वाट याच नळ्यांतून. विशेष पोशाख चढवून नळीत आडवं व्हायचं, आतलं दार बंद, नळीत पाणी, दाब सारखा झाला की बाहेरचं दार उघडतं. 533 मिलिमीटर म्हणजे पावणेदोन फूट. पोशाखासकट खांदे त्यात कसे मावत, ते तोंडाशी हात धरून मोजा.

बाहेर पडल्यावर लगेच रस्त्यापलीकडच्या टीयू-142 विमानाकडे धावू नका. ते चांगलंच संग्रहालय आहे, पण पाच मिनिटं पाणबुडीच्या शेपटाशी थांबा. तीन दांडे, तीन पंखे. आणि मग कवचाची खालची बाजू बघा. समुद्रात असताना पोलाद गंजू नये म्हणून त्याला जस्ताचे ठोकळे लावतात, गंज आधी जस्ताला खातो. पण हे काम फक्त पाण्यात होतं. जमिनीवर आल्यावर ठोकळे निरुपयोगी, उरतो तो रंगाचा थर. समोरून खारा वारा, आणि दोन कवचांच्या मधल्या फटींत साठणारं पावसाचं पाणी. निचऱ्याचं एक भोक पालापाचोळ्याने तुंबलं की पोलाद आतून कुजायला लागतं, आणि बाहेरून नवा रंग छान दिसत राहतो. म्हणून अशा जहाजाची देखभाल रंगाच्या डब्यावर संपत नाही. पत्रे ठोकून आवाज ऐकावा लागतो, पातळ झालेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, आणि हे दर काही वर्षांनी करावं लागतं.

मुंबईकरांना याची किंमत माहीत आहे. जुनी विमानवाहू विक्रांत 1997 साली निवृत्त झाली, 2001 पासून अधूनमधून लोकांना पाहायला मिळाली, आणि 2012 मध्ये ती धोकादायक झाल्याने बंद करावी लागली. ती पाण्यात तरंगत होती. तरंगतं कवच गोदीत नेऊन खालून दुरुस्त करायचा खर्च दर वेळी नव्याने उभा राहतो, आणि विमानवाहू जहाजाचा तो खर्च कोणी उचलला नाही. 2014 मध्ये ती भंगारात गेली. ज्या विक्रांतच्या मागावर 1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत आली आणि याच बंदराबाहेर बुडाली, ती विक्रांत आज आपल्याकडे नाही. कुरसुरा मात्र आहे, कारण दीड वर्ष खपून तिला वाळूवर ओढून घेतलं गेलं.

पुन्हा एकदा मागच्या पंख्यांपासून नाळेपर्यंत बाहेरून चालत या, या वेळी कप्पे मोजत. इथे मोटारी, इथे डिझेल, या जागी जमिनीखाली 224 सेल, इथे ती चाकं, इथे पुन्हा 224, आणि शेवटी तोटी असलेली ती सहा दारं. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आता कुठे काय आहे ते बोट ठेवून सांगता येतं.